कापूस, तेल आणि धूर : जहाजावरच्या सुरक्षेचा वऱ्हाडातून दिसणारा इतिहास



विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलेच, "सर, अकोला-अमरावतीत बसून जहाजाच्या तेलावर काय बोलणार? इथून समुद्र साडेपाचशे-सहाशे किलोमीटर लांब." प्रश्न रास्त आहे. त्यात आम्ही जन्मभर शिकवले तत्त्वज्ञान, इंजिनिअरिंग नव्हे. पण आपण आज पाहणार आहोत ती गोष्ट यंत्राची जितकी आहे, तितकीच कार्यकारणाची आहे. आणि वऱ्हाडाचे म्हणाल, तर आपल्या भागाचे नशीब जहाजाला बांधले गेले त्याला दीडशे वर्षे उलटून गेली.

सुरुवात कापसापासून करू. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. त्यानंतर १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. रेल्वे आली. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय मेयो आले होते. छोट्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय! कारण खामगावच्या बाजारातली गाठ रेल्वेत चढली की मुंबईच्या बंदरावर आणि तिथून जहाजात. पऱ्हाटी आपल्या वावरात, पण तिचा भाव लिव्हरपूलला.

आता या व्यापारात एक रोग होता, भेसळीचा. गाठीत वरून स्वच्छ रुई आणि आत ओली, कचऱ्याची, सरकी मिसळलेली. मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदाच केला. आणि आपल्याकडे? १८८६ मध्ये कारंज्याचा बाजार रेसिडेन्सीच्या हुकुमाने नियंत्रित झाला. भारतातला पहिला नियंत्रित कृषी बाजार म्हणून कारंजा लाडचे नाव घेतात. पाठोपाठ १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला, तोही देशातला या प्रकारचा पहिला. परवानाधारक मापारी, ठरलेली जागा, ठरलेले वजन. आज आपण बाजार समिती म्हणतो तिचे मूळ हे आहे.

यात तत्त्वाची गोष्ट कोणती, ते नीट लक्षात घ्या, कारण पुढे जहाजावर तीच लागणार आहे. खरेदीदार गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालून मधला मूठभर कापूस काढतो. वरचा घेत नाही. म्हणजे नमुना कुठून घेतला, याला नमुन्याइतकेच महत्त्व. दुसरे, वजन विकणाऱ्याने करायचे नाही आणि घेणाऱ्यानेही नाही, तिसऱ्याने करायचे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्या कायद्यातली उणीव. बाजार समितीत व्यापाऱ्याला जागा होती, पण कापूस पिकवणाऱ्या कास्तकाराला प्रतिनिधित्व नव्हते. ज्याचे सगळ्यांत जास्त जाणार, त्यालाच विचारायचे नाही! हे सूत्र मनात ठेवा.

कापूस मुंबईकडे जात होता तेव्हा उलट्या दिशेने तेल येत होते. आधी रॉकेल. आपल्या आजीच्या काळची चिमणी, कंदील हे त्या रॉकेलवर. सुरुवातीच्या काळात जगभर या दिव्यांनी घरे जाळली. कारण काय? तेलवाले रॉकेलमध्ये हलका, पेट्रोलसारखा भाग राहू देत. मग प्रश्न आला की दोन तेले दिसायला सारखीच असताना धोक्याचे कोणते हे ओळखायचे कसे? याचे उत्तर फ्रेडरिक एबेल या रसायनशास्त्रज्ञाने दिले. एका बंद भांड्यात तेल हळूहळू तापवायचे, ठरावीक अंतराने झाकण किंचित उघडून आत छोटी ज्योत दाखवायची, आणि ज्या तापमानाला वाफ 'भप्' करून क्षणभर पेटते ते लिहून ठेवायचे. हाच फ्लॅश पॉइंट. १८७९ च्या ब्रिटिश कायद्याने एबेलचे भांडे अधिकृत केले आणि मर्यादा ठरवली ७३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २३ सेल्सिअस.

आता गंमत पाहा. आपल्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखाली आज जी वर्गवारी चालते, तिच्यात 'अ' वर्ग २३ अंशांच्या खाली, 'ब' वर्ग २३ ते ६५, 'क' वर्ग ६५ ते ९३. पेट्रोल 'अ' मध्ये, डिझेल 'ब' मध्ये, फर्नेस ऑइल 'क' मध्ये. अकोल्याजवळ गायगावला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथे टाक्यांमधले अंतर, विजेची फिटिंग, टँकरची अर्थिंगची तार हे सगळे असल्या वर्गवारीवर ठरते. आणि जहाजाच्या इंजिन रूममध्ये वापरायच्या इंधनाला आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की फ्लॅश पॉइंट सर्वसाधारणपणे ६० अंशांच्या खाली नको. का? तर इंजिन रूममध्ये पंचेचाळीस-पन्नास अंश उष्मा सहज असतो. आपल्या अकोल्याचा मे महिना आठवा म्हणजे कल्पना येईल. त्या उष्म्यात इंधनाची पेट घेण्याजोगी वाफ होता कामा नये, एवढा साधा हिशेब आहे.

कापूस आणि तेल एकाच जहाजात कसे भेटले, ते आता पाहू. तारीख १४ एप्रिल १९४४.

१४ एप्रिल म्हटले की आपल्या भागात गावोगावी बाबासाहेबांची जयंती, मिरवणुका, निळे झेंडे. त्याच तारखेला देशभर अग्निशमन दलाचे जवान आपल्या हुतात्म्यांना मानवंदना देतात, हे अनेकांना ठाऊक नसते. ते हुतात्मे मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधले.

'फोर्ट स्टिकिन' हे मालवाहू जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा, शिवाय सोन्याच्या विटा. कराचीला काही माल उतरला. रिकाम्या झालेल्या जागेत काय भरले? ८,७०० च्या आसपास कापसाच्या गाठी, वंगण तेलाची पिंपे, गंधक, लाकूड, भंगार लोखंड, मासळीचे खत. हा कापूस वऱ्हाडचा नव्हता, कराचीला चढलेला होता. पण गाठ कुठलीही असली तरी गाठीचा स्वभाव तोच. १२ एप्रिलला जहाज मुंबईत लागले. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या फाळक्यातून धूर दिसला. फाळका म्हणजे जहाजातली माल भरायची खोल जागा. पंप लागले, शेकडो टन पाणी ओतले गेले, पण आगीचे मूळ सापडेना. पावणेचारनंतर जहाज सोडण्याचा हुकूम झाला, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. पेटत्या कापसाच्या गाठी आभाळातून वस्तीवर कोसळल्या. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० असा वेगवेगळा दिला जातो. बेघर झालेले हजारोंनी. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

ज्यांनी जिनिंग-प्रेसिंगमध्ये काम केले आहे त्यांना पुढचे सांगायची गरज नाही. दाबलेल्या गाठीला लागलेली आग ज्वाळा दाखवत नाही. ती आत धुमसते. वरून पाणी मारले की बाहेरचा थर भिजतो, आतला विस्तव तसाच. जीनमध्ये कापसासोबत खडा किंवा लोखंडाचा तुकडा गेला, ठिणगी पडली, तर तासनतास कुणाला कळत नाही, आणि मग ढीगच्या ढीग पेटतो.

चौकशी समिती बसली. आगीची सुरुवात कापसात झाली असावी आणि कारण बहुधा कुणाचे तरी धूम्रपान, असा निष्कर्ष निघाला. लोक इथेच थांबतात. "कुणीतरी विडी-सिगारेट टाकली आणि मुंबई हादरली." आम्हांला इथे थांबता येत नाही.

आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेत कारणाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांचे नेहमीचे उदाहरण कापडाचे आहे. तंतू हे कापडाचे समवायी कारण, म्हणजे ज्याचे ते बनले ते. तंतूंचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. आणि विणकर, माग ही निमित्त कारणे. आता हे आगीला लावून पाहा, अगदी काटेकोर शास्त्रार्थ म्हणून नव्हे, समजायला सोपे जावे म्हणून. कापूस, तेल, दारूगोळा हे द्रव्य. सिगारेट हे निमित्त. आणि मधले कारण कोणते? संयोग! काय कशाच्या खाली, काय कशाच्या शेजारी रचले ते. चौकशीने दाखवलेल्या चुका वाचा: कापूस दारूगोळ्याच्या खाली ठेवला, स्फोटके उतरवायला उशीर केला, धोकादायक माल दर्शवणारा लाल बावटा लावला नाही, आग विझवायला वाफ सोडण्याचा उपाय केला नाही, अग्निशमन दलाला वर्दी उशिरा दिली. यातले एकही कारण 'वस्तू' नाही. सगळी रचनेची आणि वेळेची आहेत. निमित्त पकडणे सोपे असते, कारण निमित्ताला बहुतेक वेळा एक गरीब माणूस सापडतो. रचना करणारे मात्र टेबलामागे असतात.

आणि लाल बावटा! तो नसल्याने शेजारच्या जहाजांना, गोदीतल्या हमालांना, आग विझवायला धावलेल्यांना आपण कशाशेजारी उभे आहोत हे कळले नाही. कारंज्याच्या बाजारातला कास्तकार आठवतो का? ज्याचे सर्वस्व जाणार, त्याला माहिती नाही. हा इतिहासाचा एकच धागा आहे, राजेहो.

इथे तेलाबद्दलचा एक समज दुरुस्त करू. "कापसाला तेल लागले की आपोआप पेटतो" असे सरसकट म्हणतात. सगळ्या तेलांना ते लागू नाही. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होते, म्हणून तर ते रंगात वापरतात. त्या क्रियेत उष्णता निघते. जवसाच्या तेलाच्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून टाकल्या, तर उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही, आणि कुणी काडी न लावता त्या पेटू शकतात. सरकीच्या तेलात हा गुण कमी, पण आहे. जमिनीतून निघालेल्या वंगण तेलात तो जवळजवळ नाही. मात्र वंगण तेलाने माखलेली चिंधी तापलेल्या पाइपावर पडली, तर वातीसारखी जळते. म्हणून जहाजावर हात पुसायचे कॉटन वेस्ट झाकणाच्या लोखंडी डब्यातच टाकायचे असा दंडक असतो. आपल्या गावच्या गॅरेजमध्ये आणि जीनच्या इंजिन घरात तो किती पाळला जातो, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता जहाजाच्या पोटातल्या इंजिनाकडे. ११ सप्टेंबर १९४७. 'रेना देल पॅसिफिको' हे प्रवासी जहाज युद्धसेवेनंतर दुरुस्त होऊन बेलफास्टजवळ चाचणीसाठी समुद्रात होते. एका इंजिनातला पिस्टन बेसुमार तापला आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद पेटीत, स्फोट झाला. पाठोपाठ उरलेली इंजिनेही. २८ माणसे गेली. यातली बरीच मंडळी इंजिन जाणणारी होती.

असे का झाले? वंगण तेलाचा फ्लॅश पॉइंट तर दोनशे अंशांच्या आसपास, म्हणजे इंधनापेक्षा कितीतरी 'सुरक्षित'. पण आत एखादे बेअरिंग किंवा पिस्टन अति तापला की तिथे तेलाची वाफ होते. ती वाफ थंड भागात जाऊन बारीक थेंबांचे पांढरे धुके बनते. दर लिटर हवेत सुमारे ५० मिलिग्रॅम इतके ते साठले की पेट घेण्याजोगे होते. ज्या तप्त जागेने धुके बनवले, तीच मग त्याला काडी लावते. आणि कुणी घाईने क्रँककेसचे दार उघडले, तर ताजी हवा मिळून पहिल्यापेक्षा भयंकर स्फोट होऊ शकतो.

आमच्या विषयातला सर्वांत जुना अनुमानाचा दाखला म्हणजे डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. पण आपल्या तार्किकांनी त्यातला खड्डाही दाखवून ठेवला आहे. दिसते आहे तो धूर, की धुके? तेच नक्की नसेल, तर हेतूच संशयित, आणि अनुमान उभे राहत नाही. क्रँककेसमध्ये हा प्रश्न प्राणावर बेततो. तिथे दिसणारे पांढरे धूर नसते, धुके असते. आग अजून लागलेली नाही, लागणार आहे. 'आग दिसत नाही, उघडून बघू' हे अनुमान तिथे माणूस मारते. बेलफास्टच्या दुर्घटनेनंतर या विषयाचा नेटाने अभ्यास झाला. क्रँककेसला दाब सोडणाऱ्या झडपा, त्यांवर ज्वाळा अडवणाऱ्या जाळ्या, आणि पुढे धुके मोजणारी यंत्रे आली. स्फोटाच्या मर्यादेच्या वीसाव्या हिश्शालाच, म्हणजे लिटरला अडीच मिलिग्रॅमला, घंटा वाजली पाहिजे असा आजचा दंडक. घंटा वाजली की इंजिनाची गती कमी करा, थांबवा, दारापासून दूर व्हा, आणि थंड होईपर्यंत उघडू नका. थांबणे हीसुद्धा एक कृती आहे, हे आपल्याकडे शिकवायला हवे.

आता चाचणीचा भाग. जहाजात इंधन भरण्याला बंकरिंग म्हणतात, कोळशाच्या कोठीवरून आलेला शब्द. तेल चढत असताना पाइपाच्या तोंडाशी एक थेंब-थेंब नमुना घेणारे साधन बसवतात, आणि ते पहिल्या थेंबापासून शेवटच्यापर्यंत चालू ठेवतात. वरचा नको, खालचा नको, सगळ्याचा हवा. कापसाच्या गाडीत घातलेला तोच हात! बाटल्यांना दोन्ही बाजूंसमक्ष सील लागते, सह्या होतात. प्रदूषणाच्या आंतरराष्ट्रीय नियमाखालची बाटली किमान ४०० मिलिलिटरची, आणि ती निदान १२ महिने जपून ठेवायची. २०२० पासून इंधनातले गंधक ०.५० टक्क्यांच्या वर नको, म्हणून तर या बाटलीला कोर्टातल्या पुराव्याचे वजन आले. प्रयोगशाळेत घनता, दाटपणा, पाणी, फ्लॅश पॉइंट पाहतात. रिफायनरीतून इंधनात राहून गेलेले ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे बारीक कणही मोजतात, कारण ते पंप आणि सिलिंडर पॉलिश पेपरासारखे घासून टाकतात. किलोमागे ६० मिलिग्रॅम ही सध्याची मर्यादा.

वंगण तेलाची काही तपासणी जहाजावरच होते, आणि तिच्यात आपल्या स्वयंपाकघराला अनोळखी काही नाही. तापलेल्या तव्यावर तेलाचा थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. नवे आणि वापरलेले तेल दोन पन्हळींत शेजारी-शेजारी ओतून फळी तिरकी करा. वापरलेले आधी पळाले तर त्यात इंधन मिसळले असण्याचा संशय. मागे रेंगाळले तर काजळी किंवा मळ वाढला. शोषकागदावर एक थेंब टाका आणि डाग कसा पसरतो ते पाहा. पेट्रोल पंपावर आपल्यालाही फिल्टर पेपरची चाचणी आणि घनता तपासून मागता येते, पाच लिटरचे माप मागता येते. किती जण मागतात?

पण चाचणीची सीमाही सांगितली पाहिजे. २०२२ मध्ये सिंगापूरला सुमारे २०० जहाजांत असे इंधन गेले, ज्यात क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये होती. नेहमीच्या चाचण्यांत ती दिसत नाहीत, कारण नेहमीची चाचणी ती शोधतच नाही. कित्येक जहाजांचे पंप, इंजिने बिघडली, आणि समुद्रात इंजिन बंद म्हणजे वाऱ्यावर सोडलेले जहाज. चाचणी हे एक उत्तर असते, आणि उत्तर विचारलेल्या प्रश्नापुरतेच असते. 'पास' या शब्दाचा अर्थ 'निर्दोष' नव्हे. 'जे विचारले त्यात दोष नाही' एवढाच. आम्ही परीक्षा घेण्यात आयुष्य घालवलेली माणसे, आम्हांला हे विशेष कळायला हवे.

शेवटी, याचा आपल्याशी संबंध. आपल्या भागातली मुले मर्चंट नेव्हीत जाऊ लागली आहेत, काही इंजिनिअर म्हणून, काही हाताखालचे कामगार म्हणून. त्यांच्या आईवडिलांना पगाराचा आकडा ठाऊक असतो, क्रँककेस ठाऊक नसतो. आणि जी जात नाहीत, ती इथल्या वर्कशॉपमध्ये रिकामे पिंप वेल्डिंगने कापतात. रिकामे पिंप भरलेल्यापेक्षा जास्त घातक असते, कारण भरलेल्यात तेल असते आणि रिकाम्यात वाफ-हवेचे मिश्रण. महामार्गावर टँकर उलटला की डबे घेऊन धावणारे आपलेच लोक असतात. २०१७ च्या जूनमध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ अशाच धावण्यात २०० हून अधिक माणसे जळून गेली. गरिबी तिथे निमित्ताजवळ उभी राहते, आणि लाल बावटा कुणी लावलेला नसतो.

म्हणून या सगळ्या इतिहासातून तीन प्रश्न आम्ही आपल्या हाती देतो. कुठेही तेल, वायू, रसायन, कापूस साठवलेला दिसला की विचारावे: काय कशाच्या शेजारी ठेवले आहे? नमुना कुणी घेतला आणि तो कुणाजवळ आहे? आणि ज्याच्या जिवाला धोका आहे, त्याला सांगितले आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देणारी यंत्रणा जगाने बऱ्यापैकी उभी केली, तिची एक वीट आपल्या कारंज्याची आहे. तिसरा प्रश्न अजून उघडाच आहे. तो नियमपुस्तकात लिहिलेला असतो, पण हमालाच्या, वेल्डरच्या, नव्या पोराच्या भाषेत क्वचितच सांगितलेला असतो. ते सांगण्याचे काम इंजिनिअरांवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. जो वाचू शकतो, त्याचे ते काम आहे.

 आता प्रश्न विचारा.